आखाजीचा ठराव, गिरणीचा भोंगा

खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, वर्ष आखाजीला सुरू होते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मालक आणि सालदार ओट्यावर समोरासमोर बसतात. वर्षाचा आकडा ठरतो, आधी उचल किती द्यायची ते ठरते, मग धान्य, कपड्यांचा जोड, पायातले जोडे यांवर बोलणे होते. साक्षीला दोन शेजारी असतात. कागदावर बहुधा काहीच उतरत नाही. त्या दिवसापासून पुढच्या आखाजीपर्यंत बैलांचे चारापाणी, शेणगोठा, वखरणी, विजेच्या वेळेप्रमाणे रात्री-अपरात्री पिकाला पाणी भरणे, सगळे सालदाराच्या अंगावर. पोळ्याला बैलांना झूल चढते, तेव्हा सालदारालाही नवे कपडे मिळतात आणि घरच्या पुरणपोळीच्या पंगतीत त्याचे पान मांडले जाते.

या नात्यात माया असते हे खरेच. एकाच घरी वीस-वीस वर्षे सालाने राहिलेली माणसे खानदेशातल्या गावोगावी सापडतात. पण मालक चांगला निघाला तर साल सुखाचे जाते आणि वाईट निघाला तर दाद मागायला जागा नसते. आजारपणात किंवा लग्नकार्यात उचल वाढली की ती फेडण्यासाठी पुढचे सालही त्याच घरी काढावे लागते. वेठबिगारी मोडण्याचा कायदा देशात १९७६ साली झाला, त्यामागे अशाच न फिटणाऱ्या उचलींचा इतिहास होता.

कामाच्या जागेचे वातावरण निकोप कसे ठेवावे, यावर आज कंपन्यांमध्ये शिबिरे होतात, सल्लागार येतात. जळगाव-धुळ्याच्या मुलखाला या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. सालदारी, जिन, कापडगिरण्या, तुरुंग, तुपाचा कारखाना आणि ठिबक सिंचनाची कंपनी, एवढ्या ठिकाणी हा प्रश्न इथे वेगवेगळ्या रूपांत येऊन गेला. मालकाच्या चांगुलपणावर किती उभे राहते आणि कामगाराच्या हाती नियम, मत किंवा मालकीचा भाग आला की काय बदलते, हे या इतिहासात स्पष्ट दिसते.

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची गरज भासू लागली. त्याच दशकात जीआयपी रेल्वे खानदेशातून गेली. तापी आणि गिरणेच्या काळ्या जमिनीतला कापूस मुंबई बंदराच्या हाताशी आला. जळगाव तेव्हा मोठेसे गाव नव्हते, ते या कापसाने मोठे केले. स्टेशनाजवळ सरकी काढणारे जिन आणि कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले, आणि कारखान्यातली नोकरी म्हणजे काय हे खानदेशी माणसाला, त्यातही बायांना, पहिल्यांदा कळले.

ते कळणे फार कठोर होते. कारखान्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली नेमलेल्या आयोगापुढे खानदेशच्या जिनांची हकिगत आली. हंगामात बाया पहाटे अंधारात कामाला लागत आणि रात्री उशिरा सुटत. कामाचा लोट आला की तीच माणसे दिवसरात्र, सलग आठ-आठ दिवस यंत्रांपुढे उभी राहत. जी रात्री घरी जात, ती उशीर होऊन दार बंद होईल या धास्तीने मध्यरात्रीनंतर लगेच परतून फाटकाशी येऊन बसत. घरात ना घड्याळ ना कंदील, मांडीवर बहुधा तान्हे मूल, आणि समोर बंद फाटक. खानदेशातल्या पहिल्या कारखान्यांचे वातावरण हे असे होते.

हे बेकायदेशीरही नव्हते. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभरांहून कमी मजुरांच्या कारखान्यांना आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्यांना लागू नव्हता. हंगामी जिन त्या फटीतून सहज सुटले. त्याच १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन आयोगाकडे पाठवले. मागण्या अगदी साध्या होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला हद्द, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने बायांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. आज जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याच्या सुट्टीआधीच्या संध्याकाळी जी लगबग दिसते, तिची सुरुवात त्या सह्यांपासून होते.

जिनांपाठोपाठ गिरण्या आल्या. जळगावला १८७० च्या दशकात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल निघाली. अमळनेरला १९०६ साली मोतीलाल माणेकचंद यांनी प्रताप मिल उभारली. त्यांना सारे प्रतापशेठ म्हणत, आणि धुळ्याला न्यू प्रताप मिल झाली तीही त्यांच्याच नावाची. बोरी नदीकाठचे, सखाराम महाराजांच्या रथाचे अमळनेर भोंग्याच्या वेळेवर उठू-झोपू लागले. पहिली पाळी, दुसरी पाळी, सांचा, बदली, खाडा हे शब्द शेतकऱ्यांच्या घरात आले. आखाजीऐवजी महिन्याच्या पगाराच्या तारखेवर संसार बेतला जाऊ लागला.

प्रतापशेठ दानशूर होते. गिरणीच्या पैशातून त्यांनी शाळेला, पुढे १९४५ साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला हात दिला. १९१६ साली त्यांनी अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले आणि देशभरातले अभ्यासक तिथे येऊ लागले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा मोठा तत्त्वज्ञ १९३० च्या दशकात तिथे संचालक होता. एका कापडगिरणीच्या गावात तत्त्वज्ञानावर इंग्रजी त्रैमासिक निघत असे. असे गाव देशात दुसरे शोधून सापडणार नाही.

तरीही गिरणीच्या आत कामगाराचा रोजचा संबंध शेठजींशी येत नसे, तो येई जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी. भरती त्याच्या हाती, बदलीचे टोकन त्याच्या हाती, खाड्याची माफी त्याच्या हाती. दस्तुरी, म्हणजे लाच, दिल्याशिवाय काम मिळत नाही, ही तक्रार मुंबई इलाख्यातल्या जवळपास प्रत्येक गिरणीत होती. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरची ही सत्ता काढून घ्यावी आणि स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. मालक कितीही उदार असो, सांच्यावर उभ्या असलेल्या माणसाचा दिवस ठरवतो त्याच्या डोक्यावरचा माणूस. आजच्या कचेऱ्यांनाही हे नेमके लागू पडते.

याच अमळनेरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आला आणि १९२४ साली तिथल्या शाळेत शिक्षक झाला. छात्रालयाची जबाबदारी आली तेव्हा त्याने मुलांना शिस्तीची व्याख्याने दिली नाहीत. मुले शाळेत गेली की तो त्यांच्या खोल्या झाडी, अंथरुणे नीट लावी, मळके कपडे धुऊन घड्या करून ठेवी. काही दिवसांनी मुलेच लाजून आपापली खोली आवरू लागली. ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित तो रात्री जागून लिहून काढी, सकाळी मुले ते वाचत. वरच्या पदावरच्या माणसाने खालचे काम आधी स्वतः करावे, हा साने गुरुजींचा व्यवस्थापनाचा पहिला धडा होता आणि तो त्यांनी कधी धडा म्हणून सांगितला नाही.

१९३० साली शाळा सोडून गुरुजी मिठाच्या सत्याग्रहात गेले आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात पोहोचले. तिथे विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते, भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने होते, गुलझारीलाल नंदा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले आणि गुरुजींनी ते उतरवून घेतले. त्यातून ‘गीता प्रवचने’ झाली, हे सर्वांना माहीत असते. त्याच तुरुंगात कामाबाबत जे घडले, त्याची आठवण मात्र कमी निघते.

तुरुंगात दळण होते, स्वयंपाक होता, आणि सक्तीचे म्हणून ते सगळ्यांना नकोसे होते. कोणी अंगचोरपणा करी, कोणी आजाराचे सोंग घेई, भाकरी मात्र कच्ची म्हणून सारेच कुरकुरत. विनोबांनी सुचवले की तुरुंगाधिकाऱ्याने काम लादण्याऐवजी ते कैद्यांनीच आपल्याकडे घ्यावे. श्रमाशिवाय जेवायचे नाही, असे सर्वांनी मिळून ठरवावे. ज्यांना वरच्या वर्गामुळे कष्टाची माफी होती, त्यांनीही जात्यावर बसावे. स्वतः विनोबा बसले. कैद्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले आणि जेवण सुधारले. तेच जाते, तेच धान्य, तीच माणसे. बदलले एवढेच की काम ज्यांना करायचे होते, त्यांनीच त्याची वाटणी ठरवली. या कैद्यांपैकी गुलझारीलाल नंदा अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगार संघाचे चिटणीस होते आणि स्वातंत्र्यानंतर ते देशाचे कामगार मंत्री झाले.

पुढे १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूंनी मंडप सजवला होता. त्या अधिवेशनाने मंजूर केलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला पोटापुरते वेतन आणि कामाच्या बऱ्या सोयी मिळाव्यात, असे कलम होते. ज्या मुलखात सालदाराची बोली तोंडी होत होती, तिथेच हे कलम देशापुढे वाचले गेले. १९३८ मध्ये गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले आणि शेतकऱ्यांच्या सारामाफीबरोबर गिरणी कामगारांचे गाऱ्हाणेही त्यात मांडले. ते कामगारांच्या संघटनेत उतरले, फाटकावरच्या सभांत बोलले.

शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर देणाऱ्या गावातही संघर्ष टळला नाही. १९४६ साली अमळनेरात गिरणी कामगारांच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला. कामगार पुढारी श्रीपत पाटील त्यात मारले गेले. अमळनेर त्यांना हुतात्मा म्हणून ओळखते. दान आणि हक्क यांत केवढे अंतर असते, ते या गावाने रक्त सांडून पाहिले. दानाने गावाचे भले झाले, यात शंका नाही. पण पगार, बोनस, कामाचे तास आणि कामावरून काढण्याची पद्धत यांवर कामगाराला बोलता येईल अशी जागा दानाने तयार होत नाही. ती १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आणि १९४८ चा कारखाना कायदा यांनी काही अंशी तयार केली. आठवड्याला ४८ तास, अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह, पिण्याचे पाणी, पाळणाघर या गोष्टी मालकाच्या मर्जीवरून निघून कायद्याच्या पानावर गेल्या.

याच सुमारास अमळनेरात आणखी एक कारखाना आला. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली. आजूबाजूला भुईमूग भरपूर, सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग दाराशी, म्हणून गाव निवडले. शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप, उरलेल्या जिनसातून ७८७ नावाचा धुण्याचा साबण. पुढे कंपनीच्या नावाचे संक्षिप्त रूप विप्रो झाले.

कंपनीने भाग, म्हणजे शेअर, विक्रीला काढले तेव्हा अमळनेरच्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, नोकरदारांनी थोडेथोडे घेतले. बऱ्याच घरांत तो कागद ट्रंकेच्या तळाशी पडून राहिला, कारण तो विकून फारसे काही मिळत नव्हते. बोनस भाग येत गेले, भागांची विभागणी होत गेली, कंपनी तुपावरून संगणकाकडे वळली, आणि १९९० च्या दशकात त्याच कागदांनी अमळनेरात अनेक कोट्यधीश केले. लग्नात आहेर म्हणून भाग देण्याच्या गोष्टी अजून तिथे सांगितल्या जातात. एका कारखान्याच्या यशात गावाचा वाटा किती असावा, याचा हिशेब इथे भागाच्या कागदावर मांडलेला होता.

महंमद हुसेन १९६६ च्या ऑगस्टमध्ये वारले तेव्हा मुलगा अझीम २१ वर्षांचा होता आणि स्टॅनफर्डमध्ये शिकत होता. शिक्षण अर्धे सोडून तो परतला. भागधारकांच्या पहिल्याच सभेत एकाने त्याला तोंडावर सांगितले की हे तुझ्याच्याने होणार नाही, भाग विकून अनुभवी माणसाच्या हाती कंपनी दे. अमळनेरच्या खरेदीत तेव्हा जुनी रीत होती. शेतकरी भुईमूग घेऊन आला की जाणता खरेदीदार दाणा हातात चोळे, दाताखाली फोडे आणि भाव सांगे. तो प्रामाणिक असेल तर सर्वांचे बरे, नसेल तर शेतकरीही बुडे आणि कंपनीही. तरुण प्रेमजींनी नमुन्यातले तेल आणि ओल मोजून भाव ठरवण्याची पद्धत आणली. खरेदीदाराच्या दातावर असलेला भाव तराजूवर आला. अनुभवी माणसाची किंमत त्याने कमी झाली नाही, पण त्याच्यावर संशय घ्यायला जागा उरली नाही आणि शेतकऱ्याला आकडा विचारता येऊ लागला.

१९८४ साली कंपनीने कर्मचाऱ्यांना भाग देण्यासाठी विप्रो इक्विटी रिवॉर्ड ट्रस्ट स्थापन केला. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत नोकरांना भाग देण्याची पद्धत भारतात रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. गावकऱ्यांच्या ट्रंकेत पडलेले जुने कागद आणि ट्रस्टमार्फत कर्मचाऱ्यांना मिळू लागलेले भाग, दोन्ही एकाच कंपनीचे. ज्याचा वाटा आहे तो कारखान्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, हे अमळनेरने दोनदा पाहिले.

जळगावची गोष्ट वाकोदपासून सुरू होते. अजिंठ्याच्या वाटेवरचे हे जामनेर तालुक्यातले खेडे. १२ डिसेंबर १९३७ रोजी तिथे जन्मलेले भवरलाल हिरालाल जैन कायदा शिकले, सरकारी नोकरी मिळत असताना ती न घेता १९६३ साली घरच्या साठवणीतल्या सात हजार रुपयांवर रॉकेल विकू लागले. मग ट्रॅक्टर, खते, पाइप यांच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये केळ्याची भुकटी करणारा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. १९८० साली पीव्हीसी पाइप, १९८६ मध्ये जैन इरिगेशन, आणि त्यापाठोपाठ ठिबक.

लोक त्यांना मोठे भाऊ म्हणत. कंपनीत कामगारांना सहकारी म्हणण्याची पद्धत त्यांनी घातली आणि ती अजून चालू आहे. शहराबाहेरच्या उजाड टेकड्या त्यांनी झाडांनी भरल्या. २०१२ च्या मार्चमध्ये तिथे गांधीतीर्थ हे गांधींवरचे संग्रहालय उभे राहिले. गांधींचे विश्वस्तपणाचे म्हणणे, म्हणजे मालकाने संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी, हे त्यांना मनापासून पटलेले होते.

भवरलालजींची खरी कसोटी लागली ती अडचणीच्या वर्षांत. १९९० च्या दशकात कंपनी वित्त, माहिती तंत्रज्ञान अशा अनोळखी धंद्यांत शिरली आणि नुकसानीत आली. त्यांनी दोष बाजारावर ढकलला नाही, भागधारकांपुढे आपली चूक मान्य केली आणि ते धंदे गुंडाळून पाण्याकडे व शेतीकडे परतले. वरिष्ठच चूक कबूल करतात असे दिसले की कारखान्यातल्या फोरमनलाही बिघडलेली बॅच लपवावीशी वाटत नाही. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी ते गेले. त्यानंतर कंपनीवर कर्जाचे मोठे संकट आले आणि २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. संस्थापकाच्या स्वभावावर उभी राहिलेली रीत संस्थापकानंतर आणि पैशाच्या ओढाताणीत टिकवायची तर ती लिखित कार्यपद्धतीत उतरावी लागते, याची जाणीव अशा काळात सर्वांनाच होते.

आज जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिलची धूळ आहे, प्लास्टिकच्या चटया विणणारी यंत्रे आहेत, पाइपांचे कारखाने आहेत. धुळे आणि शिरपूरच्या पट्ट्यात जिन आणि सूतगिरण्या आहेत. बहुतेक घटक छोटे, मालक रोज स्वतः येणारा, हाताखालची माणसे ठेकेदाराची. तिथे मनुष्यबळ विभाग नसतो. मालकाची पत्नी कामगारांच्या मुलांच्या शाळेची चौकशी करते, दिवाळीला मिठाईबरोबर पाकीट मिळते, आणि आजारपणात उचलही मिळते. हा आपलेपणा खरा आहे आणि तो जपायला हवा. पण याच ठिकाणी ठेकेदार कधीकाळच्या जॉबरच्या जागी बसलेला असतो. हजेरीचा कागद त्याच्या खिशात असतो आणि भविष्य निर्वाह निधी भरला की नाही हे कामगाराला ठाऊक नसते.

दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी, असे २०१३ चा कायदा सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र देणे बंधनकारक केले आहे. डाळमिलमध्ये पोती उचलणाऱ्या हमालालाही आणि चटईच्या यंत्रावरच्या बाईलाही असे पत्र मिळाले पाहिजे. त्यावर पगाराचा आकडा असावा, कामाचे तास असावेत, तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव असावे. ते पत्र मराठीत असावे आणि मालकाने सही करण्याआधी ते कामगाराला वाचून दाखवावे. जळगाव-धुळ्याच्या उद्योजक संघटनांनी हे एवढे काम येत्या वर्षात आपल्या सभासदांकडून करून घेतले, तर श्रीपत पाटील आणि साने गुरुजींच्या जिल्ह्यांत कामगाराला आपल्या हक्काचे बोलायला पुन्हा फाटकावर यावे लागणार नाही.